घरी कोणती भाषा बोलता?

माझी मामी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते. चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबून ती अशी झरझर घडी घालते की दुसऱ्या टोकाला माणूस लागत नाही. बोलताना मात्र भिडस्त. समोरच्याला जे ऐकायचं असेल तेच बोलणार. निदान परवापर्यंत तरी बोलायची.

ती लग्न होऊन या देशात आली तेव्हा इथल्या सरकारला कामाला हात हवे होते, हातांबरोबर तोंडं आलेली नको होती. नवख्या बायकांच्या वर्गातल्या बाईंनी बजावलं, घरातही आमचीच भाषा बोला, नाहीतर मुलं मागे पडतील. मामीनं ते ब्रह्मवाक्य मानलं. स्वतःला धड न येणारी भाषा ती दोन्ही मुलांशी बोलू लागली. अंगाईसुद्धा वर्गाच्या पुस्तकातली. 'बटाटे काय भाव, स्टेशन कुठे आहे' हे ती चालीवर म्हणायची. मुलं झोपायची, बहुधा कंटाळून.

मुलं मोठी झाली, आपली भाषा न येताच, आणि मग सरकारचं मन पालटलं. आता म्हणे प्रत्येकानं आपापलं जपावं, देश त्यानंच शोभतो. पालिकेनं मामीला बोलावून दर शनिवारी आपल्या लोकांच्या मुलांना भाषा शिकवायला बसवलं. स्वतःची दोन सोडून सगळ्यांची मुलं तिच्याकडे शिकली. पालिकेच्या जिन्याशी तिचा हसरा फोटो लागला, माणसाएवढा. मामा आल्यागेल्याला तो दाखवायला न्यायचा. मला तर विमानतळावरून सामानासकट आधी तिथंच नेलं.

त्याच दिवसांत मामीला कायमचं राहण्याचा शिक्का मिळाला. मामानं इथलं नागरिकत्व घेतलं होतं. तिनं घेतलं नाही, कारण मग माहेरी जायलाही परवानगी काढावी लागली असती. पुढे तिची आई गेली, माहेर संपलं, तरी ते काम राहूनच गेलं. मामा म्हणायचा, कायमचा म्हणजे कायमचा, घाई कसली? सरकारदरबारी कायमचा म्हणजे पुढचं सरकार येईपर्यंत, हे त्याला कोण सांगणार!

ते आलंच. नव्या कायद्यानं जुने शिक्के रद्द झाले. राहायचं असेल तर मुलाखत द्या, आमच्यात मिसळलात हे पटवा. मामा लगेच मास्तर झाला. रोज जेवताना विचारायचा, घरी कोणती भाषा बोलता? मामीनं म्हणायचं, तुमची. ती अडखळली की तो मीठ पुढे सरकवायचा नाही.

मुलाखत पालिकेतच होती. मामाला सुट्टी मिळेना, म्हणून मी गेलो. सोबतच्याला आत बसू देत होते, बोलू देत नव्हते. जिन्याशी फोटो नव्हता. भिंतीवर तेवढा चौकोन उजळ राहिला होता. मामी त्याच्यासमोर थांबली आणि आरशात बघावं तसे तिनं केस सारखे केले.

अधिकारी तरुण होता, आवाजानं मऊ. सुरुवातीचं सगळं मामीनं छान सांगितलं. मग त्यानं विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता?"

मामीनं क्षणभर दाराकडे, जिन्याच्या दिशेनं पाहिलं. ज्या इमारतीनं तिचं त्याच गोष्टीसाठी कौतुक केलं होतं, तिथं खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"आमची," ती म्हणाली. इथल्या भाषेत, अगदी स्वच्छ. "मुलं घरात होती तोवर तुमची बोललो. आता दोघंच आहोत. म्हाताऱ्याशी भांडायला तुमची पुरत नाही."

तो मनापासून हसला. मला वाटलं, सुटलो. हसत हसतच त्यानं लिहिलं: मिसळलेल्या नाहीत.

उन्हाळ्याच्या आत देश सोडायचा. वकील म्हणाला, दाद मागायची सोय होती, ती याच कायद्यानं काढली. मामाला तिच्याबरोबर जायचं तर तिकडचा परवाना काढावा लागेल, कारण तो आता तिकडचा नाही.

थोरल्याचा फोन आला. तो इथल्या भाषेत चिडून विचारत होता, आई, एवढं एक उत्तर तुला देता आलं नाही? मामी बराच वेळ त्याच्याच भाषेत समजावत राहिली. शेवटी आपल्या भाषेत पुटपुटली, "तुझ्याशीच तर बोलले रे त्यांची भाषा, जन्मभर."

तो म्हणाला, काय?

मामी म्हणाली, काही नाही, जेवलास का?

मामा अजूनही जेवताना प्रश्न विचारतो. मामी तोंडात घास असतानाच म्हणते, तुमची. तो मीठ पुढे सरकवतो.