माणिकवहिनींनी मोडलेल्या घड्या

आमच्या गल्लीत नवी साडी आली की ती आधी आमच्या घरी येई. विकत कुणीही घेतलेली असो, पहिल्यांदा नेसायची माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, माणिकवहिनींनी. घडी मोडायचा मान त्यांचा. मुलुंडला आम्ही राहायला आलो त्या वर्षी शेजारच्या रत्नप्रभाबाईंनी सहज त्यांना एक साडी नेसायला दिली, ती साडी वर्षानुवर्षं टिकली, आणि त्यातून हे सुरू झालं.

'माणिकनं घडी मोडलेली साडी अंगाला लाभते,' असं सगळ्या बायका म्हणायच्या. लाभते म्हणजे काय? तर विरत नाही, टोचत नाही, खाजत नाही आणि ती नेसून ज्या कामाला जावं ते काम होतं. हे शेवटचं मला कधीच पटलं नाही. वहिनींनी घडी मोडलेली साडी नेसून पोस्टमास्तरांची बायको भावाशी जमिनीचं भांडण मिटवायला गेली होती आणि दुप्पट भांडून परत आली होती. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती. मी बोलले की घरातली पाखंडी ठरायचे.

वहिनींना मात्र या मानाचा केवढा आनंद होता! आमचे भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, फोर्टात एका कचेरीत कारकून. दिवाळीला एक साडी यायची, तीही भाऊंच्या पसंतीची, म्हणजे मातकट. वहिनी दिसायला ठसठशीत, उंच, आणि रंगांची हौस तर विचारू नका. स्वतःच्या ट्रंकेत मोजक्या साड्या. पण गल्लीतली प्रत्येक नवी साडी एक दिवस त्यांची असायची. नवी साडी नेसून त्या उगाचच बाजारात जात. कोथिंबीर घरात असली तरी कोथिंबीर आणायला जात. वाटेत कुणी विचारलं, "नवी वाटतं?" की म्हणत, "घडी मोडत्येय." आणि अशा हसत, की साडी देणारीलाच वाटावं आपण काही मोठं पुण्य केलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात घंगाळात मिठाचं पाणी करून त्या साडी भिजवायच्या. पाणी नितळ येईपर्यंत खळबळायच्या, खळ द्यायच्या, सावलीत वाळवायच्या आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री करून परत करायच्या. दुसऱ्याची साडी नेसून मळकी परत देणं त्यांना जमलंच नसतं.

त्या सुमाराला बाजारात गडद रंगांची लाट आली होती. बाटलीहिरवा, जांभळा, मोरपंखी, आणि असा एक लाल की डोळे दिपावेत. किंमत बेताची, रंग राजेशाही. दादरला जाऊन बायका गठ्ठ्यानं साड्या आणू लागल्या आणि वहिनींना आठवड्याला एक घडी मोडावी लागू लागली. त्या खूश होत्या. मी म्हणायचे, "वहिनी, तुम्ही आता दुकानात बाहुली म्हणूनच उभ्या राहा."

मग त्यांना खाज सुटली.

आधी कमरेला, जिथे निऱ्या खोचतात तिथे. मग मानेला, कोपराच्या लवणीत. लाल चकंदळं उठायची, ती फुटायची, पाणी सुटायचं. उन्हाळ्यात घाम आला की त्या भिंतीला पाठ घासत उभ्या राहायच्या. त्यांचे ते हाल बघवत नव्हते. गंधकाचं मलम झालं, कडुलिंबाचं पाणी झालं. वैद्यांनी सांगितलं, रक्त बिघडलंय, वांगं सोडा. वांगं सोडलं. मग शेंगदाणे सोडले, लोणचं सोडलं. भाऊ म्हणाले, "आता मलाही सोड, बघ काय फरक पडतो का." वहिनी हसल्या, पण हसताना मान खाजवत होत्या.

गल्लीला कळायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं गजकर्ण, कुणी त्याहून वाईट शब्द कुजबुजला. श्रावणात नव्या साड्या आल्या, पण आमच्या दारात कुणी आलं नाही. गणपतीत आल्या, तेव्हाही नाही. रत्नप्रभाबाई तर आमच्या दारावरून जाताना नवं पुडकं पदराखाली घ्यायच्या. पदराखाली! जणू दारूची बाटली आहे. माझं डोकं सणकायचं. मी एकदा ओट्यावरून मुद्दाम मोठ्यानं विचारलंही, "काय आणलंत हो?" तर म्हणाल्या, "काही नाही गं, खारीक."

 वहिनींनी बाजारात जाणं बंद केलं. कोथिंबीर मीच आणायची. एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "वसुधा, मला खाजेचं काही नाही गं. पण कुणी बोलवीना झालंय." आणि डोळे पुसले. मला त्या वेळी सगळ्या गल्लीचा राग आला, आणि त्यांचाही थोडा आला, की असल्या मानासाठी रडावं का माणसानं.

गंमत अशी की दसऱ्यापर्यंत अंग स्वच्छ झालं. चकंदळं सुकली, खपल्या पडल्या, खाली नवी कातडी आली. वहिनींनी सगळं श्रेय वांग्याला दिलं. "बघ, वांगं सोडलं आणि गुण आला." बिचारं वांगं. मीही मान डोलावली, कारण मलाही दुसरं काही सुचलं नव्हतं.

त्यांचे हात निर्मळच राहिले अशी खात्री पटल्यावर मार्गशीर्षात पोस्टमास्तरांची बायको बाटलीहिरवी साडी घेऊन हजर. इतके दिवस इकडे फिरकली नव्हती, ते जणू घडलंच नाही. वहिनींनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. हात धुऊन साडी घेतली, कोरी घडी मोडून नेसल्या आणि थेट बाजारात. जुडीभर कोथिंबीर घेऊन आल्या. आम्ही दोन दिवस कोथिंबिरीच्या वड्या खाल्ल्या.

वड्या संपायच्या आत कमर पेटली. आंघोळीनंतर त्या मला म्हणाल्या, "वसुधा, जरा बघ गं मागे काय आहे." मी पाहिलं. निऱ्यांच्या जागी हिरवट पट्टा उमटला होता, आणि त्या पट्ट्यावरच, बरोब्बर त्याच्यावर, चकंदळं उठली होती. पट्ट्याबाहेर काही नाही. ते पाहिल्यावर वांग्याचा प्रश्न मिटला.

"चला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे," मी म्हटलं.

"अगं, साडी परत करायचीय, ती वाळत्येय."

"खड्ड्यात गेली साडी!"

स्टेशनाजवळच्या कर्णिक डॉक्टरांनी कंबर पाहिली आणि विचारलं, "अलीकडे नवीन काय नेसलात?"

झालं. वहिनींनी अभिमानानं यादी सांगायला सुरुवात केली. पोस्टमास्तरांकडची हिरवी, त्याआधी रत्नप्रभाबाईंची जांभळी, लाल दोन... डॉक्टर आधी हसले, मग त्यांचा चेहरा बदलला.

"या सगळ्या तुम्ही न धुता, कोऱ्याच नेसलात?"

"म्हणजे काय? धुतल्यावर घडी कसली मोडायची?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. या नव्या गडद रंगांत रसायनं असतात. सगळा रंग सुताला धरत नाही, वरवरचा तसाच राहतो. घाम आला की तो सुटतो आणि अंगाला लागतो. पुष्कळांना काहीच होत नाही. पण वारंवार लागत राहिला की एखाद्याची कातडी एकदा जी चिडते, ती मग थोड्याशा रंगालाही सोसत नाही. "नवं कापड धुतल्याशिवाय अंगाला लावायचं नाही. तुम्ही तर नाहीच, पण घरात कुणीच नाही. गडद आणि काळ्याला तर जास्त जपा. आणि धुऊनही एखाद्या रंगाचा त्रास झाला, तर तो रंग कायमचा सोडायचा."

"आणि वांगं?" वहिनींनी विचारलं.

"वांगं खा खुशाल."

 परत येताना मला वाटलं, कारण सापडलं म्हणून त्यांना बरं वाटलं असेल. कसलं काय! घराच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "म्हणजे बरी राहिले तर मान गेला, आणि मान ठेवला तर ही आग. देवानं काय पण निवड दिली!" त्या रात्री वांग्याचं भरीत केलं होतं. त्यांनी नीट खाल्लंही नाही.

संक्रांतीच्या आधी दोनतीन दिवस रत्नप्रभाबाई आल्या. त्यांची सुहासिनी त्या वर्षीच लग्न होऊन गिरगावात गेली होती आणि पहिल्या संक्रांतीसाठी माहेरी आली होती. ती मागे उभी. रत्नप्रभाबाईंच्या हातात ताम्हन, ताम्हनात हळदकुंकू, सुपारी आणि काळी कुळकुळीत चंद्रकळा.

"माणिकवहिनी, मागचं काही मनात ठेवू नका. पोरीचा पहिला सण आहे. तुमच्याच हातानं घडी मोडायची. तुम्ही नेसलात की माझ्या पोरीला लाभेल."

मी डोळ्यांनी 'नाही' म्हणा, 'नाही' म्हणा, असं खुणावत होते. वहिनींची नुकतीच खपली धरली होती. त्यांनी ताम्हन घेतलं. साडीवरून हात फिरवला. बोटं वर करून पाहिली, तर टोकं काळसर झालेली.

"मी नाही म्हटलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर काय, कोरीच नेसेल बापडी. पण तसं नका हो करू."

वहिनी सुहासिनीकडे बघत राहिल्या. नाजूक, गोरीपान पोर, नव्या नवलाईत हसणारी. मग साडी घेऊन आत गेल्या. मला वाटलं, गेल्या नेसायला! मी चरफडत मागे धावले, तर त्या आतही थांबल्या नव्हत्या, तडक मागच्या अंगणात. घंगाळात पाणी होतं. त्यांनी साडीची घडी दोन्ही हातांनी उलगडली, हवेत एकदा झटकली आणि सगळीच्या सगळी पाण्यात दाबली.

"अहो, हे काय केलंत?" रत्नप्रभाबाई दारातून किंचाळल्या. "कोरी साडी होती ती! सणाची! वाट लावलीत की!"

"मीठ आण गं वसुधा," वहिनी म्हणाल्या.

मी मीठ आणेपर्यंत घंगाळातलं पाणी शाईसारखं झालं होतं. वहिनींनी ते ओतलं. अंगणातून काळा ओघळ तुळशीला वळसा घालून गेला. दुसरं पाणी घेतलं, तेही काळं. तिसरं जरा फिकं. रत्नप्रभाबाईंचं ओरडणं हळूहळू थांबलं. त्या पुढे आल्या आणि घंगाळात वाकून बघू लागल्या.

"एवढा रंग?"

"प्रत्येक साडीचा जातो, कमीजास्त," वहिनी म्हणाल्या. "मी तुम्हाला परत देते ती असंच धुऊन ना. पण माझं आधी नेसून झालेलं असतं."

रत्नप्रभाबाई बाई मोठी फटकळ, पण मठ्ठ नव्हे. त्यांनी वहिनींच्या कमरेकडे पाहिलं, मग परत घंगाळाकडे. 

"म्हणजे तुमच्या हातची साडी अंगाला लाभायची, ती यामुळे?" त्या म्हणाल्या. "आमचा सगळ्यांचा रंग इतकी वर्षं तुम्ही अंगावर घेतलात, आणि आम्ही तुम्हालाच..."  त्यांनी पदर खोचला आणि घंगाळाची दुसरी कडी धरली. दोघींनी मिळून पाणी ओतलं.

एवढ्यावर माझं समाधान झालं असतं. खारकेचासुद्धा हिशोब मी सोडून दिला असता. पण वहिनींचं झालं नव्हतं, हे मला दिसत होतं. साडी दोरीवर टाकल्यावर त्या ओल्या हातांनी नुसत्या तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. इतकी सुंदर चंद्रकळा, आणि घडी तर घंगाळात मोडून गेली. यापुढे गल्लीतली प्रत्येक साडी अशीच जाणार. धुवायची त्यांनी, नेसायची दुसरीनं.  मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाळलेली साडी रत्नप्रभाबाईच घेऊन गेल्या. म्हणाल्या, इस्त्री मी करीन. संध्याकाळी त्या परत आल्या. सोबत सुहासिनी, पोस्टमास्तरांची बायको आणि आणखी दोघीतिघी. ताम्हन तेच. त्यात चंद्रकळा, खळ दिलेली, कडक इस्त्रीची, नव्याहून नवी घडी घातलेली.

"घ्या," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"आता कशाला? घडी तर कालच मोडली."

"ती दुकानदाराची होती. ही मी घातलीय. मोडा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आधी आतून जुनं पातळ गुंडाळा कमरेला, खपली आहे अजून. नेसून फक्त बाजारापर्यंत जायचं आणि यायचं. जरा कुठं खाजलं की काढायची."

"बाजारात आणायचंय काय पण?" पोस्टमास्तरांच्या बायकोनं विचारलं.

"कोथिंबीर," वहिनी आतूनच म्हणाल्या.