आत्यांनी वाचायला लावलेलं पान

नर्सिंगच्या भरती परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा मी आमच्या कुलदैवताशी, बिरोबाशी, मनातून बोलणंच सोडलं. भंडारा कपाळाला लावायचे, पण आत सगळं कोरडं असायचं. मुलांमुळे कामात पडलेला खंड, आता बारामतीच्या एका दवाखान्यातली तात्पुरती नोकरी, आणि तिसरा अर्ज, तोही नवऱ्याच्या आग्रहाखातर भरलेला. पुस्तक उघडायचं बळ उरलं नव्हतं.

त्या रविवारी मी वरकुट्यात घरीच होते. सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, ओसरीवर पडून होत्या. त्यांना साखरेचा त्रास. पायात बाभळीचा काटा मोडला होता. ती जखम मी रोज हात धुऊन, स्वच्छ पट्टी बांधून जपत होते. वरून तरी भरत आलेली दिसायची. मी पुस्तकं माळ्यावर टाकायला उचलली, तोच आत्या म्हणाल्या, "त्ये ठिवू नगं. मोठ्यानं वाच, मला ऐकायचंय."

आत्यांना अक्षरओळख नाही, माझ्या अभ्यासात त्यांनी कधी लक्षही घातलं नव्हतं. मी चिडूनच हाताला लागलं ते पान उघडलं. रुग्णाच्या तपासणीचा धडा होता. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला की श्वास जलद होतो, माणूस भ्रमात बोलू लागतो, हातपाय गार पडतात. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. वाचता वाचता मी वर पाहिलं. आत्यांची छाती भराभर वरखाली होत होती.

"आत्या, आज वार कुठला?"

"मेंढरं आली का?" त्या म्हणाल्या. आमच्या घरातून मेंढरं जाऊन कितीतरी वर्षं झाली.

मी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. नेहमीच्या दुपटीजवळ होते.

नवरा म्हणाला, "ताप तर न्हाय. अशक्तपणा आसंल. उद्या जाऊ."

"उद्या नको. आत्ताच."

रस्त्यावर पेरूचे क्रेट भरलेला एक पिकअप उभा होता. चालक ओळखीचा नव्हता. मी जेमतेम दोन वाक्यं बोलले असेन, तोच त्यानं क्रेट उतरवायला सुरुवात केली. "मालाचं मागनं बघू, ताई. म्हातारीला आणा." बारामतीपर्यंत त्यानं गाडी कुठंच थांबवली नाही. आत्यांना दवाखान्यात नेऊन मी परत बाहेर आले, तर तो निघून गेला होता. नाव विचारायचंही राहून गेलं.

जखमेच्या तळाशी पू साचला होता. "आज आणलंत म्हणून बरं," डॉक्टर एवढंच म्हणाले.

आत्या सावरल्यावर मी त्यांना त्या वाचनाबद्दल विचारलं. "मी म्हनलं?" त्या नवलानं बघत राहिल्या. "मला काय कळतंय त्यातलं?"

भ्रमातलं बोलणं असेल, मी त्याचा अर्थ लावत बसले नाही. त्यांच्या खाटेशेजारी बसूनच अभ्यास केला, पेपर दिला. निकाल अजून लागायचाय. नोकरी मिळेना म्हणून मी देवावर रुसून बसले होते, तेव्हा घरात काय हरवायला निघालंय हे मला दिसतच नव्हतं. त्याला दिसत होतं. आता वॉर्डात कुणाचा श्वास मोजायला बसले की ते मिनिट मी मन लावून पुरं करते. तेवढं माझ्या हातात आहे. बाकीचं मी त्याच्यावर सोडलंय, आणि सोडल्यापासून हात हलके झालेत.