सोबतीला कोण येईल?

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लोकांना वाटतं, बाई एकटी ऑस्ट्रेलियात गेली म्हणजे केवढी धीट असेल! कसलं काय. चौतिसाव्या वर्षी पुण्यातल्या शाळेची नोकरी सोडून मी ॲडलेडला शिक्षणशास्त्राचा कोर्स करायला आले, तोपर्यंत एखाद्या घरात एकटी अशी मी कधी झोपलेच नव्हते.

आमच्या कॉलनीत तशी वेळच कुणावर येत नसे. कुणाचा नवरा टूरवर गेला, कुणाच्या सासूबाई गावाला गेल्या, की जेवणं झाल्यावर शेजारची एखादी मुलगी उशी-चादर काखोटीला मारून सोबतीला यायची. गप्पा मारायची, झोपायची, सकाळी चहा घेऊन घरी जायची. त्याला कुणी उपकार म्हणत नसे. माझ्या वयाच्या मुलींची लग्नं होत गेली तशी त्यांची ही ड्युटी सुटली. माझी काही सुटली नाही. लग्न न झालेली मुलगी म्हणजे सगळ्या बिल्डिंगची राखीव सोबत! तिशी उलटली तरी जिन्यात हाक यायचीच, "अगं, आज आमच्याकडे ये हं झोपायला, हे नाहीयेत." मी मुकाट्याने जायची. बाबा गेल्यावर मात्र माझं बाहेर जाणं बंद झालं. मग आईला मी आणि मला आई.

मी निघाले तेव्हा आईने स्वतःच सांगितलं, "शेजारची नात येईल माझ्याकडे झोपायला. बारावीचं वर्ष आहे तिचं, तिलाही अभ्यासाला शांत जागा होईल. तू माझी काळजी करू नकोस." मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विमानात बसले.

ॲडलेडच्या मॉसन लेक्स भागात युनिव्हर्सिटीजवळ एका घरात आम्ही नऊ जणी राहायचो. तेव्हा आपल्याकडची इतकी मुलं-मुली येत होती की लोक हॉलमध्येसुद्धा गाद्या टाकून राहत. बाथरूमला रांग, फ्रीजमध्ये नऊ जणींचे डबे. बाकीच्या सगळ्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला दीदी म्हणायच्या. मला ती गर्दी मनापासून आवडायची. मेलबर्नला आपल्या पोरांना ट्रेनमध्ये, स्टेशनबाहेर मारहाण होत होती, त्या बातम्या रोज येत. मग ट्रेनमध्ये मोठ्याने फोनवर बोलायचं नाही, लॅपटॉपची बॅग दिसू द्यायची नाही, शिफ्ट संपली की मेसेज टाकायचा, असे नियम आम्ही करून टाकले. "दीदी, स्टेशनवर ये ना," असा मेसेज आला की मी चप्पल घालून निघायची. भीती वाटायची, पण मी जायची. दुसऱ्याच्या सोबतीला जायची सवयच होती मला.

कोर्स संपला आणि प्रश्न उभा राहिला, शिकवायचं कुठे?

दोन वाटा होत्या. सिडनीला क्वेकर्स हिलमध्ये माझी आतेबहीण राहायची. तिचा आग्रह असा की, "आमच्याकडे ये. खालची खोली रिकामीच आहे. रिलीफ टीचिंग मिळेल, संध्याकाळी मुलांचं मॅथ्स घेशील. एकटी बाई, उगाच कुठे भलतीकडे जातेस?" रिलीफ म्हणजे ज्या शाळेत ज्या दिवशी शिक्षक आजारी, त्या दिवशी तिथे. आईचाही हाच धोशा होता, "ताईकडे जा. घरात माणसं आहेत." आणि दुसरी वाट म्हणजे ॲडलेडपासून बसने अर्धा दिवस लांब, गव्हाच्या शेतांमधल्या एका छोट्या गावातली शाळा. त्यांना गणिताला शिक्षक मिळत नव्हता. कायमची नोकरी, राहायला घर, व्हिसाची सोय. आणि घरात मी एकटी.

ताईचं घर सुरक्षित होतं, नाही कोण म्हणतंय? पण फोनवर मागून तिच्या मुलांचं "मम, व्हेअर विल शी स्लीप?" ऐकू आलं की मी फोन आवरता घ्यायची. उद्या ताई-भावजी फिरायला जाणार, मी मुलांच्या सोबतीला. जन्मभर दुसऱ्यांच्या खालच्या खोलीत. मला स्वतःचा वर्ग हवा होता. जूनपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे इथे जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, तीच मुलं समोर असणारा. बाकी काही नाही, एवढंच हवं होतं.

म्हणून गाव बघायला गेले. मुख्याध्यापक बसस्टॉपवर घ्यायला आले होते. उंच माणूस, हाफ पँट, प्रत्येक वाक्यामागे "नो वरीज". शाळेत त्यांनी मला नववीचा वर्ग देऊन टाकला, म्हणाले, "घ्या, काय वाटेल ते शिकवा." मी पोरांना बाहेर काढलं आणि धान्याच्या सायलोची, म्हणजे उंच कोठाराची, सावली मोजून त्याची उंची काढायला लावली. आधी टंगळमंगळ, मग काय भांडली आकड्यांवरून! एक मुलगी तर धावत जाऊन सावली पुन्हा मोजून आली. तास संपला तेव्हा मला कळलं, हाच माझा वर्ग. आता हा दुसऱ्या कुणाला देणं मला जमायचं नाही.

मग ते मला घर दाखवायला घेऊन गेले. शाळेच्या मागे, एका कडेला. तीन खोल्या, मोठं स्वयंपाकघर, मागे लिंबाचं झाड. पुढचं घर शेताच्या पलीकडे, हात पुढे धरला तर अंगठ्याएवढं दिसेल इतकं लांब. दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं, आणि तरी मला भीती वाटली. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. फ्रीजसुद्धा बंद होता.

"आवडलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो, छान आहे," मी म्हटलं. "फक्त रात्री माझ्याकडे झोपायला कोण येईल? नववीतली एखादी मुलगी चालेल मला. ती सावली मोजणारी मुलगी आली तर तिचा अभ्यासही घेईन मी."

देवाशप्पथ सांगते, मला यात काहीही वावगं वाटलं नाही. दोनच महिन्यांपूर्वी मी मुलांच्या सुरक्षिततेचं दिवसभराचं ट्रेनिंग केलं होतं. विद्यार्थ्याला घरी बोलवायचं नाही, एकटं गाडीत घ्यायचं नाही, सगळं लिहून घेतलं होतं, परीक्षेत बरोबर उत्तरं दिली होती. पण ते सगळं वाईट माणसांबद्दल होतं. सोबत ही त्यात बसणारी गोष्ट आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मुख्याध्यापकांचा चेहरा बदलला. "विद्यार्थिनी तुमच्या घरी का झोपेल?" त्यांनी हळू विचारलं. मी घाईघाईने सांगायला लागले, आमच्याकडे अशी पद्धत आहे, मला भीती वाटते, आणि जितकं सांगत गेले तितकं ते आणखी वाईट ऐकू यायला लागलं. बसस्टॉपपर्यंत ते एकदाही "नो वरीज" म्हणाले नाहीत. मी गाडीतून उतरताना एवढंच म्हणाले, "हे मला वर कळवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

परतीच्या बसमध्ये माझी पाचावर धारण बसली होती. नोकरी गेली, ते सोडा. हे कागदावर गेलं की शिक्षक म्हणून नोंदणी होणार नाही, नोंदणी नाही म्हणजे व्हिसा नाही. आणि पुण्यात जाऊन काय सांगू? मुलींना रात्री घरी बोलावते म्हणून परत पाठवली? दहा-बारा वर्षं मी मुलींना शिकवलं होतं. ओठांवर आलेली ती वाक्यं परत गिळता आली असती तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

घरी सांगितलं तर मुली आधी हसल्या, मग एकीने विचारलं, "दीदी, पुलिस तो नहीं आएगी ना?" ताई फोनवर ओरडलीच, "वेडी का गं तू? इथे असं बोलतात? बरं झालं, आता तरी सरळ इकडे ये." आईला मी काही सांगितलं नाही. त्या दिवसांत दाराची बेल वाजली की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. भात शिजायला टाकून विसरायची. शिक्षण खात्याचं बोलावणं आलं तेव्हा खरं सांगायचं तर बरंच वाटलं, काय व्हायचं ते होऊन जाऊ दे.

सिटीतल्या ऑफिसात साठीच्या आसपासची एक बाई होती. केस पांढरे, बारीक कापलेले. समोर माझी फाइल. तिने मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी कॉलनी सांगितली, उशी-चादर सांगितली, राखीव सोबतसुद्धा सांगितली, बाबा गेल्यावर आई आणि मी दोघीच असायचो तेही. ती मध्येमध्ये थांबवून विचारायची. किती वयाच्या मुली? आईवडिलांना माहीत असायचं? कुणी नाही म्हटलं तर? मी घाबरत, अडखळत उत्तरं देत होते. मग तिने पेन खाली ठेवलं. "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?"

चोराची म्हणावं, तर नाही. भुताची तर मुळीच नाही. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "घरात दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू आला नाही, तर मला वाटतं मी आहे की नाही हे कुणालाच कळणार नाही." आणि मी त्या परक्या बाईसमोर रडले.

तिने टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मग स्वच्छ सांगितलं, कुठलाही विद्यार्थी तुमच्या घरात कधीही येणार नाही, असं लिहून द्या, प्रकरण इथेच संपेल. मुख्याध्यापकांना तुम्ही अजूनही हव्या आहात, शुक्रवारपर्यंत त्यांना कळवा. मी सही केली. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि सहज, अगदी सहज म्हणाली, "मग आता तुमच्या आईच्या सोबतीला कोण असतं?"

"शेजारची मुलगी," मी ताबडतोब सांगितलं.

रस्त्यावर आले आणि मनात हिशेब केला. ती मुलगी मी निघाले तेव्हा बारावीला होती. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

स्टेशनवरच फोनकार्ड घेतलं आणि आईला फोन लावला. "अगं, ती तर कधीच गेली," आई म्हणाली. "नाशिकला इंजिनिअरिंगला. हॉस्टेलवर असते."

"मग तुझ्याकडे कोण येतं?"

"कोण येणार? तुझ्या वयाच्या सगळ्या सासरी. आताच्या मुलींना क्लास असतात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं?"

"आई, मी परत येते."

"येऊन काय करशील? दोघी मिळून घाबरू?" ती चिडलीच. मग मी तिला सगळं सांगितलं, वर्ग, सायलो, ते घर, ती सही. आई म्हणाली, "ताईकडे जा म्हणाले होते मी. ते सोड. वर्ग मिळतोय ना तुझा? मग तिथेच जा. फक्त आतून कडी नीट लावत जा."

"तू लावतेस ना?"

"नाही लावत हल्ली. नुसतं लॅच ओढून घेते. लॅचची किल्ली शेजारी दिलीय."

"अगं, कडी का नाही लावत?"

"रात्री काही झालं, तर लोकांना दार फोडायला लागू नये," आई म्हणाली. "तू मात्र लाव हं. तुझं वय नाही अजून."

शुक्रवारी मी शाळेला हो कळवलं.

आई गेली तेव्हा कुणाला दार फोडावं लागलं नाही. शेजारच्या काकू दूध घेऊन आत गेल्या आणि त्यांनीच मला फोन केला. मी अजून त्याच गावात आहे, त्याच शाळेत. पन्नाशी उलटली. रोज झोपायच्या आधी दाराला आतून साखळी लावते, ओढून बघते. ती लावणं कधी थांबवायचं, ते मात्र आई सांगून गेली नाही.