तारेने बांधलेली देवी

त्या सोमवारी गाडी बंद पडली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, की देवीने आपला हात सोडला. हे मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. देवीविषयी असं मनात आलं याची लाज वाटते, म्हणून इथे लिहून ठेवते.

आठवड्यातून तीनदा मी ह्यांना स्कूटरवर मागे बसवून डायलिसिसला नेते. आमचं गाव घोटीजवळ, दवाखाना नाशिकला द्वारका चौकाच्या पुढे. रविवार मधे आला की दोन दिवसांचं अंतर पडतं, त्यामुळे सोमवारी ह्यांचे पाय सुजतात, चार पावलं चाललं तरी धाप लागते. त्या दिवशी तर पहाटेपासून त्यांना आडवंही होता येत नव्हतं. दहाची पाळी होती. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर झाला तर मशीन दुसऱ्या पेशंटला देतात. त्याचाही जीव अडकलेलाच असतो, त्यात दोष कुणाचाच नाही.

घोटी मागे टाकली आणि चालती गाडी एकदम गप्प झाली. बटण दाबलं, किक मारली, काही नाही. हॉर्न नाही, दिवा नाही. हे कडेच्या दगडावर बसले. जीपा भरून जात होत्या, मोठ्या गाड्या तर दिसेपर्यंत पुढे निघून जायच्या. कुणाला तरी हात करायला हवा होता, पण अनोळखी माणसापुढे माझा हातच वर होत नाही. मी डोळे मिटून देवीचं नाव घेत उभी राहिले.

आम्ही न बोलावताच एक मोटारसायकल थांबली. दोन्ही बाजूंना टोमॅटोचे कॅरेट बांधलेले आणि चालवणारे साठीच्या पुढचे बाबा. काय झालं म्हणून विचारलं, तर मी खाली बघत राहिले. हे धापा टाकत म्हणाले, "गाडीलाच डायलिसिस लागलं, बाबा." ते हसले, मग ह्यांच्या पायांकडे बघून त्यांचं हसू गेलं. ते गावात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. मागं जागा असती तर तुम्हाला नेलंच असतं, म्हणाले, आणि पिशवीतून हत्यारं काढली.

त्यांनी बॅटरीच्या वायरी हलवून बघितल्या, त्या घट्ट होत्या. मग फ्यूज काढला. तो जळला होता. झाकणात एक जादाचा होता, तो बसवल्यावर दिवा लागला आणि मी लगेच हात जोडले. पण गाडी रस्त्यावर घ्यायला हँडल डावीकडे वळवलं आणि सगळं पुन्हा विझलं. तेव्हा मात्र मला रडू आलं.

बाबांनी आपल्या गाडीतला जादाचा फ्यूज काढून तळहातावर धरला. "आता हा एकच हाय. आधी दोष सापडला पायजे, मगच लावायचा." मग खाली वाकून ते हँडल हळूहळू इकडून तिकडे वळवत राहिले. बराच वेळ झाला. शेवटी त्यांनी विचारलं, "ताई, ही तार कुणी बांधली?"

तार मीच बांधली होती. देवीच्या गडावरून आणलेला, तिचं रूप कोरलेला छोटा पितळी पत्रा मी हँडलखाली बांधला होता, दोरा तुटेल म्हणून तारेने. ह्यांना बरं वाटेपर्यंत ती गाठ सोडणार नाही, असा नवस केला होता. बाबांनी दाखवलं, तार गुंडाळताना मी गाडीच्या वायरीही आत घेतल्या होत्या. हँडल वळलं की तार घासायची. घासून घासून एका वायरीचं साल निघालं होतं, आतलं तांबं दिसत होतं.

त्यांच्या हातात पक्कड होती, पण ते थांबले. "देवीला मी पक्कड लावणार नाय. तुमची तुम्ही सोडा."

मी कसंबसं म्हटलं, नवस आहे. दगडावरून हे म्हणाले, "सोड गं. ती कुठं पळून जात नाही. माझाच दम निघायला आलाय."

ह्या गाठीवरच ह्यांचा जीव टांगलाय, असं मला आठ महिने वाटत आलं होतं. पक्कड घेतली, पीळ उलटा फिरवला. मनात म्हटलं, आई, मी धरलेलं सोडते, आता तू बघ. तार निघाली आणि पत्रा माझ्या ओंजळीत पडला. काही वाईट झालं नाही. हे तिथेच बसून माझ्याकडे बघत होते.

बाबांनी उघड्या वायरीला काळी टेप गुंडाळली, फ्यूज लावला, हँडल दोन्हीकडे वळवून बघितलं. दिवा तसाच राहिला. बटण दाबताच गाडी सुरू झाली. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते मागे सरले, म्हणाले, आधी ह्यांना न्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. एरवी ह्यांच्या मागे उभी राहणारी मी त्या दिवशी पुढे झाले आणि सिस्टरला म्हटलं, ह्यांना फार धाप लागली आहे, तुम्हीच काहीतरी करा. तिने ह्यांच्याकडे एकदा बघितलं आणि आत नेलं. आमचं मशीन ज्याला मिळायचं, तो पेशंट अजून यायचा होता. त्यालाही नेमका त्याच दिवशी का उशीर झाला, मला माहीत नाही.

दुपारी हे बाहेर आले तेव्हा श्वास सरळ चालला होता, आणि त्यांनी भूक लागली म्हणून सांगितलं. त्या बाबांचं आणि सिस्टरचं चांगलं होवो, असं मी रोज म्हणते. हे कधी बरे होतील, हे देवीला विचारणं मात्र मी सोडून दिलं आहे. सोमवारी नेते, बुधवारी नेते, शुक्रवारी नेते. घरी परत आलो की ह्यांना आडवं झालेलं बघते आणि म्हणते, आई, आजचा दिवस पार पडला.