चिलखतातली पोरगी आणि वरातीची घोडी

त्या दुष्काळाच्या वर्षी फ्रान्स देशातली एक लढवय्यी पोरगी काष्टीला आली, ती आमच्या मालकांना फसवून. मालक आमच्या टुरिंग टॉकीजसाठी मुंबईला सिनेमाच्या पेट्या आणायला गेले होते. दुष्काळात देवीचा सिनेमा जोरात चालतो असं त्यांचं मत. तिथल्या माणसानं त्यांना विचारलं, "देवी पाहिजे, लढाई पाहिजे, चमत्कार पाहिजे? मग हा न्या, तिन्ही एकातच." मालक खुशीत पेट्या घेऊन आले. संध्याकाळी पहिलं रीळ चढवलं तर पडद्यावर मेंढरं राखणारी एक गोरी पोरगी, आणि ती इंग्रजीत बोलत होती. मालक वाळूत मटकन बसले ते जेवायलासुद्धा उठले नाहीत.

मला मात्र त्या पोरीचं काही वाईट वाटलं नाही. मी त्या टॉकीजचा माईकवाला. दिवसा बैलगाडीवर कर्णा बांधून गावोगाव पुकारत जायचं आणि संध्याकाळी पडद्याच्या कडेला उभं राहून सिनेमा समजावून सांगायचा, हे माझं काम. माझा आवाज त्या काळी असा होता की मी काष्टीत "या" म्हटलं की दौंडच्या स्टेशनावर लोक गाडीतून खाली उतरायचे. इंग्रजीशी माझी गाठ मॅट्रिकच्या परीक्षेत पडली होती, आणि दरवेळी तिनंच मला ओळख दाखवली नव्हती. पण चित्र बघून गोष्ट सांगायला भाषा कशाला लागते?

आणि गोष्ट तरी काय अवघड होती? एका खेड्यातल्या पोरीला आभाळातून आवाज येतात, की ऊठ आणि राजाला गादीवर बसव. ती बाप्यांचे कपडे घालते, अंगावर लोखंडी चिलखत चढवते, घोड्यावर बसून फौज घेऊन निघते आणि किल्ला घेते. राजा गादीवर बसतो, आणि बसल्यावर तिला विसरतो. शत्रू तिला पकडतात, कोर्टात उभी करतात आणि जाळतात. नगर जिल्ह्यातल्या माणसाला यात न समजण्यासारखं काहीही नव्हतं. गादीवर बसून विसरणारी माणसं आमच्याकडे दर पंचायतीत एक तरी असायची.

लोक जमवायचे तर जाहिरात दणक्यात हवी. मी मालकांना म्हणालो, बाजाराच्या दिवशी चिलखत घातलेली बाई घोडीवर बसवून गावातून फिरवू. पत्रेवाल्यानं वनस्पती तुपाचे डबे फोडून चिलखत केलं. ते उन्हात धरलं तेव्हा असा लखलखाट झाला की गावातले कोंबडे भर दुपारी आरवले. अडचण एवढीच, की त्याच्या आत शिरायला बाई मिळेना. मालकांनी दारावरच्या तिकीटवाल्याला मिशा काढायला सांगितल्या, तर तो दोन तास नोकरी सोडून वडाखाली जाऊन बसला.

तेवढ्यात एक पोरगी तंबूच्या दोराला धरून उभी राहिली. सोळा-सतरा वर्षांची, उन्हानं रापलेली. गावात वरातीसाठी पांढरी घोडी देणारा एक माणूस होता, सगळे त्याला घोडीवाले मामा म्हणत. ही त्याची पोरगी.

"माईकवाले, घोडीवर बसाया बाई पायजे म्हनं तुमाला?"

"पाहिजे. तुला बसता येतं?"

"लई दिसांपून बसते. बापाला ठावं न्हाई."

"मग बाप काय म्हणेल?"

"बाप बोलून बोलून काय बोलंल. परवा घोडेगावच्या बाजाराचा व्यापारी येनार हाय, घोडी न्यायला." तिनं दोराला एक पीळ दिला. "औंदा लग्नं न्हाईत. चारा न्हाई. छावनीत नेली तर तितला कारकून म्हनतो, गाय आना, बैल आना, म्हैस आना, घोडी कुटं गुरात धरत्यात? येवडीशी हुती तवापून मीच वाढवली तिला. तुमी मला पैसं नगा दिऊ. तुमचा शिनेमा चालंल तवर रोज घोडीला वाढं द्या."

तिनं बरोबर नेम धरला होता. कालव्याच्या उसाच्या गाड्या साखर कारखान्याला जायच्या आणि ते गाडीवान आमच्याकडे फुकट सिनेमा बघायचे, बदल्यात उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, टाकून जायचे. आमच्या बैलांना ते पुरून उरायचं. मालक म्हणाले, "वाढं देऊ, पण तुझा बाप माझा तंबू पेटवील त्याचं काय?" त्यांची भीती खरी होती. वरातीच्या घोडीवर नवरदेवानंच बसायचं. बाईमाणूस बसलं म्हणजे घोडी बाटली, मग तिला वरातीला कोण नेणार? आणि बसलेल्या पोरीला तरी कोण पत्करणार?

"ते माजं मी बगीन," पोरगी म्हणाली आणि चिलखत उचलून चालती झाली.

बाजाराच्या दिवशी घोडीवाले मामा शेजारच्या गावी गेलेले बघून आम्ही निघालो. पुढं माझी गाडी, मध्ये हलगीवाला, मागं घोडी. हलगी वाजली की ती घोडी नाचणारच, तेच तिचं शिक्षण. ज्या दाराला तोरण दिसेल तिथं ती थांबायची आणि ओवाळल्याशिवाय हलायची नाही. त्यामुळं फ्रान्सची फौज दर चार घरांना खोळंबत होती. पोरं टाळ्या पिटत होती. चहाच्या टपरीवरून एकानं आवाज दिला, "अवं नवरदेव, नवरी कोन्या गावची?"

"तुजी भईन न्हाई, घाबरू नगं," चिलखतातून उत्तर आलं, आणि टपरीवरच्या सगळ्यांनी त्या एकाकडे बघून कपबशा खाली ठेवल्या.

एका दाराशी घोडी थांबली तेव्हा आतून एक म्हातारी तांब्या घेऊन आली. पाणी तेव्हा दिवसाआड टँकरनं यायचं आणि त्यावरून डोकी फुटायची. म्हातारीनं वर पाहिलं, पोरगी आहे हे तिला दिसलं. तरी तिनं घोडीच्या पायांवर पाणी घातलं. "काय करता, दारात आल्याली घोडी," एवढंच पुटपुटत आत गेली.

गुरांच्या बाजाराजवळ चिलखताची एक तार तुटली. पाठीवरचा पत्रा धडाड धडाड वाजायला लागला आणि जन्मभर पावलं मोजून चाललेली ती घोडी उधळली. मी कर्ण्यातून ओरडलो त्यानं ती आणखी बिथरली. धुरळ्यात त्या दोघी दिसेनाशा झाल्या. मी पैजेवर सांगतो, घोडी श्रीगोंद्याच्या वेशीला नाक लावून आली. निदान कालव्याच्या पुलापर्यंत तरी नक्कीच गेली होती, कारण तिथल्या धुणाऱ्या बायका पुढं वर्षभर सांगत. परत आली तेव्हा चौखूर धावत होती आणि पोरगी तिच्या मानेवर वाकून बसली होती, पाठीवरचा पत्रा गायब. बाजारात शिरताना तिनं नुसतं अंग मागं टाकलं आणि घोडी जागच्या जागी थांबली.

थांबली ती बरोबर बापापुढं. मामा लवकर परतले होते, आणि त्यांच्या शेजारी एक दिवस आधीच आलेला घोडेगावचा व्यापारी उभा होता.

मामा "उतर," म्हणाले. पोरगी उतरली. त्यांनी लगाम हातात घेतला आणि घोडी घेऊन घराकडं चालू लागले. पोरगी मागून, अर्धं चिलखत अंगावर. कडेच्या पत्र्याचा आवाज शेवटपर्यंत येत राहिला. व्यापारी मला म्हणाला, "उद्या सकाळी घिऊन जातो." मला जेवण गेलं नाही, आणि मला जेवण न जाणं ही गोष्ट आमच्या घरात आजही कोणी खरी मानत नाही.

संध्याकाळी तंबू इतका भरला की वाळूला बसायला जागा उरली नाही. बघतो तर बाप्यांच्या बाजूला मामा, आणि कनातीपलीकडे बायकांत त्यांची पोरगी. तिच्यासाठी मला आता एकच गोष्ट करता येत होती. माईक माझ्या हातात होता आणि त्या तंबूत इंग्रजी कुणालाच येत नव्हतं.

पडद्यावर पोरगी गुडघे टेकून हात जोडू लागली. मी म्हणालो, "ती म्हणते, देवा, राज्य जाऊ दे, पण माझी घोडी व्यापाऱ्याच्या हातात देऊ नको." राजाच्या दरबारात एक दाढीवाला काही बोलला. मी म्हणालो, "कारभारी म्हणतोय, पोरी, चारा नाही, ही घोडी विकून टाक. ती म्हणते, कारभारी, चाऱ्याची सोय झालीय, रोज गाडीभर वाढं येतंय." मशीन चालवणारा मागून खुसखुसला, "आरं, त्या घोड्याकडं कोन बघतबी न्हाई तिथं." मी त्याला दटावलं.

पडद्यावरच्या पोरीनं केस कापले तेव्हा बायकांत हळहळ झाली. "आगं बया, हिचा नवरा कधी गेला?" मी सांगितलं, लग्नच झालेलं नाही, लढायला जायचंय म्हणून कापले. थोडा वेळ कुजबुज चालली आणि मग कनातीपलीकडून एक पोक्त आवाज आला, "मंग बरं केलं."

कोर्टात आली तेव्हा काळे झगे घातलेले ते सगळे तिला विचारत होते. इथं मी लबाडी केली नाही, कारण चित्रातच दिसत होतं. "बाप्याचे कपडे का घातलेस, फौजेपुढं घोड्यावर का बसलीस, हे विचारतायत," मी म्हणालो. तंबूत पोरं रडायचीसुद्धा थांबली. आणि शेवटी तिला खांबाला बांधून लाकडं पेटवली तेव्हा मी माईक खाली केला. तिथं मला काही घालता येईना. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. आमचे मालक, ज्यांनी हा सिनेमा शिव्या देत आणला होता, ते दाराशी उभे राहून नाक शिंकरत होते.

लोक पांगले तसे मामा माझ्याकडं आले. पोरगी दोन पावलं मागं.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या गोऱ्या बाईला आमच्या घोडीच्या चाऱ्याचं येवडं कशापायी पडलं हुतं?"

मी घसा साफ केला. "मामा, थोर माणसं सगळ्यांचा विचार करतात."

"व्हय व्हय." ते हसले नाहीत, पण मिशी हलली. "तुमच्या गोष्टीनं न्हाई भुललो मी. समदं माजं चित्त दुपारच्यालाच हुतं. आख्खी हयात नवरदेव बशिवले मी तिच्यावर. समदे पोत्यावानी बसत्यात, येका हातानं खोगीर धरायचं, येका हातानं बाशिंग. म्या लगाम धरून पुढं चालायचं. आपली घोडी पळती कशी ते आज पयल्यांदा बगितलं."

पोरगी म्हणाली, "बाबा, लोक बाटली म्हनतील."

"म्हनत्यालच," मामा म्हणाले. "वाढं खरंच मिळंल का, मास्तर? का त्ये बी त्या बाईनंच सांगितलं?"

मालकांनी नाक पुसत पुसत कबूल केलं.

सकाळी व्यापारी आला तेव्हा मी मुद्दाम तिथं होतो. मामांनी घोडी अंगणात आणली आणि पोरीला म्हणाले, "बस. दाव त्यास्नी." पोरगी बसली आणि ओढ्यापर्यंत जाऊन आली. व्यापारी बघतच राहिला. मग पागोटं सारखं करत म्हणाला, ही अशी पळती हे सांगितलं न्हाई तुमी, जरा वाढवून देतो. थोड्या वेळानं आणखी थोडं वाढवलं.

"आता तर न्हाईच विकायची," मामा म्हणाले आणि पोरीच्या हातातला लगाम घ्यायला पुढं झाले. मग थांबले, आणि तो तिच्याच हातात राहू दिला.