दोन बाजूंचे वन्स मोअर

वाशीत तेव्हा माणसांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते आणि प्लॉटांपेक्षा डास जास्त. अशा गावात संगीत नाटकाची कंपनी काढायची बुद्धी आम्हाला कुणी दिली, हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. कुणी गिरगावातली खोली सोडून आलेला, कुणी कोकणातून, कुणी घाटावरून. सगळे पगारदार. आणि दर बिल्डिंगमागे निदान एक माणूस असा, की ज्याला आपण नोकरीपायी गाणं सोडलं असं वाटायचं. बायकोला तसं वाटत नसे.

नवोदितांना उत्तेजन देणं हे आमच्या कंपनीचं ब्रीद. ते द्यायची रीतही आमची आम्हीच काढलेली. नव्या गळ्याला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं करायचं आणि मधला मोकळा प्लॉट ओलांडून समोरच्या गच्चीवर एक सभासद ठेवायचा. ऐकू आलं की त्यानं टॉवेल हलवायचा. खाडीचा वारा उलटा असला की गाणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येई. आमच्या एका होतकरू गायकाने असा काही षड्ज लावला होता, की करावे गावच्या होड्या वादळ आलं समजून माघारी वळल्या. मी पाहिलं नाही. पण सांगणारा मासे तिथूनच आणायचा, त्याला खोटं बोलायचं कारण नव्हतं.

ही तालीम घेणारे आमचे नायक. आम्ही त्यांना महाराज म्हणायचो, कारण नाटक कुठलंही असो, ते राजाच असत. वय साठीला टेकलेलं, नाटकात मात्र कायम पंचविशी. त्यांनी तान घेतली की पुढच्या रांगेतला गृहस्थ उठून मटार आणायला जाई, घरी सोलून देऊन परत येई, तेव्हा महाराज कुठे समेच्या आसपास पोचलेले असत. पण माणूस दिलाचा राजा. नव्या मुलांना फुकट शिकवायचे, वर चहा पाजायचे. अट एकच, ती कधी तोंडाने न बोललेली: नवोदिताला जितके वन्स मोअर मिळतील, त्याहून एक महाराजांना जास्त मिळाला पाहिजे.

वन्स मोअर आम्ही नशिबावर सोडत नसू. दोन खात्रीची माणसं प्रेक्षकांत पेरलेली असायची. नवोदिताचं पद संपलं की ती ओरडणार, नवोदित लाजून पुन्हा गाणार आणि घरी जाताना स्वतःला गवई समजणार. यालाच आम्ही उत्तेजन म्हणत असू.

तर आमच्या नव्या नाटकाची नायिका तुर्भ्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट होती. गळा असा, की गच्चीवरचा सभासद टॉवेल हलवायचा विसरून तोच डोळ्यांना लावायचा. तिचं लग्न ठरलं होतं साताऱ्याकडच्या घरात. मुलगा नोकरीपायी वाशीतच खोली घेऊन राहणारा आणि सज्जन, म्हणजे आईपुढे न बोलणारा. त्या आईने कळवलं होतं, "लग्नानंतर गाणं चालू ठेवायचं का न्हाई, ते मी नाटक बघून सांगीन." मुलगी आम्हाला एवढंच म्हणाली, "काका, नाही म्हणाल्या तर हे माझं शेवटचं नाटक."

झालं, कंपनीत युद्धाची तयारी सुरू झाली. अध्यक्षांनी डाव्या बाजूला वन्स मोअरची माणसं वाढवली. सेक्रेटरींनी, अध्यक्षांवर विश्वास नसल्यामुळे, उजव्या बाजूला आपली वेगळी बसवली. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही.

शाळेच्या मैदानात मांडव. रविवारची दुपार. होणाऱ्या सासूबाई पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी. संध्याकाळची एसटी गाठायची होती. मी प्रॉम्प्टर, विंगेत पुस्तक धरून. मुलीचं पहिलं पद झालं. डावीकडून वन्स मोअर. ती पुन्हा गायली. उजवीकडून वन्स मोअर. पुन्हा गायली. डावीकडच्यांना हा अपमान वाटला. मग महाराजांचा मान राखायला त्यांना एक जास्त. पहिला अंक संपेपर्यंत मांडवातली लहान मुलं मोठी झाल्यासारखी दिसायला लागली.

मध्यंतरात मी चहा घेऊन गेलो. "कसं वाटतंय, मावशी?"

"पोरगी बरी हाय," त्या म्हणाल्या. "पण गाणं पाठ न्हाई तिचं."

"पाठ नाही?"

"मग सारखं सारखं तेच म्हणाय लावताय की सगळी. आमच्या शाळंत मास्तर असंच करायचा, चुकलं की परत म्हण. आणि त्या म्हाताऱ्याला तर काईच येत न्हाई. त्याला लईच डाव म्हणाय लावलं."

मी वन्स मोअरचा अर्थ समजावायला गेलो, तर म्हणाल्या, "असू दे दादा, झाकू नगासा. शिकल हळूहळू. न्हाईतर सोडून देईल."

मी धावत जाऊन दोन्ही बाजूंच्या सैन्याला दम भरला: यापुढे जो ओरडेल किंवा टाळी वाजवेल त्याने सोसायटी बदलावी. पण महाराजांना सांगायला कुणी धजेना.

शेवटच्या अंकात महाराज विषाचा पेला हातात घेऊन गाणार, पिऊन मरणार आणि मग मुलीचं मुख्य पद. महाराज गायले. मांडव चिडीचूप. त्यांनी वाट पाहिली. घसा खाकरला. मग स्वतःच स्वतःला वन्स मोअर दिल्यागत पहिल्यापासून सुरू केलं. तिकडे सासूबाई पिशवी सावरून उठल्या. एसटीची वेळ झाली होती.

मुलीने ते पाहिलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि महाराजांची तान चालू असतानाच आपलं पद उचललं. राजा जिवंत, पेला भरलेला आणि राणीचा विलाप सुरू. मी पुस्तक मिटलं. त्यात असलं काही लिहिलेलं नव्हतं.

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी आपला सूर हळूच तिच्या सुराखाली नेला, तिथून बंद केला, गुपचूप पेला संपवला आणि तिच्या पायाशी आवाज न करता मेले. इतकं चांगलं ते कधीच मेले नव्हते.

सासूबाई रांगेतच थांबल्या. पद संपलं तरी, माझ्या धमकीमुळे, एक टाळी वाजेना. त्या पिशवी घेऊन सरळ स्टेजपाशी आल्या, मुलीला म्हणाल्या, "ह्ये गाणं सोडायचं न्हाई हां," आणि एसटीसाठी धावल्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, सासूबाईंचा मुक्काम अजून वाशीतच असताना, ती तालमीला आली. मागून नवरा, खांद्यावर तंबोरा, घामाघूम.

"रिक्षा नाही मिळाली?" महाराजांनी विचारलं.

"मिळत होती," तो म्हणाला. "आई म्हणाली, धक्क्यानं तारा उतरतील, चालत ने. आणि हिला उचलू देऊ नको."