शेजारच्या खाटेचं इन्सुलिन

"माही बायको खोटारडी नाही, मॅडम. हे आधी खोडा. पैशाचं मागून पाहू."

देवराव चरडे माझ्या टेबलासमोर उभे होते. काटोलला त्यांचा संत्र्यांचा व्यापार. सोबत पत्नी कौसल्याबाई, पित्ताशयाच्या ऑपरेशनमधून नुकत्या उठलेल्या. देवरावांच्या हातात आमचंच पत्र होतं, क्लेम नाकारल्याचं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरात एका विमा कंपनीच्या ऑफिसात क्लेम बघायचे. मेडिक्लेम तेव्हा नवा होता. पेशंटने हॉस्पिटलचं बिल आधी स्वतः भरायचं, मग आमच्याकडे पाठवायचं. पॉलिसी घेताना जुना आजार लपवला असेल, तर काहीच मिळत नसे. कौसल्याबाईंच्या बिलात इन्सुलिन होतं, आणि पॉलिसी घेताना त्यांनी मधुमेह नाही असं सांगितलेलं. मॅनेजरसाहेबांनी फाइलवर शेरा मारला, 'आजार लपवला.'

"मग हे इन्सुलिन कोणाला दिलं?" मी विचारलं.

"बाजूच्या खाटेवर रामटेकची म्हातारी होती, तिले," कौसल्याबाई म्हणाल्या. "मले तर डॉक्टरच म्हणे, घरी गेल्यावर संत्र्याचा रस पीत जा. शुगरवालीले असं सांगते काय कोणी?"

मी त्यांना रक्त तपासून यायला सांगितलं. साखर नॉर्मल निघाली. रिपोर्ट साहेबांपुढे ठेवला.

"आज नॉर्मल आहे. तेव्हा नव्हती कशावरून? हॉस्पिटलकडून लेखी आणा."

देवरावांबरोबर मीही नर्सिंग होमला गेले. डॉक्टर हसतमुख होते. "गर्दीत बिल लिहिताना झालं असेल. इन्सुलिनचेच पैसे ना? आत्ता परत देतो."

"पैसे नोका देऊ. लिहून द्या," देवराव म्हणाले.

डॉक्टरांचं हसू गेलं. "बिल चुकलं असं लिहून दिलं, तर उद्या लोक म्हणतील इंजेक्शनही चुकलं. तसं काही मिळणार नाही."

बाहेर आल्यावर देवरावांनी वॉर्डातल्या आयाकडून त्या म्हातारीचा पत्ता काढला. मग रामटेकला गेले. म्हातारी वारली होती. पण तिचा मुलगा त्यांच्याबरोबर आमच्या ऑफिसात आला. डोक्यावर केस नुकते उगवत होते.

"ते इन्सुलिन माह्या मायचं होतं," तो साहेबांना म्हणाला. "आमच्या बिलात लावलंच नाही. आम्ही समजलो, डॉक्टर देवमाणूस आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. क्लेम पास करू. पण एक्स-ग्रेशिया."

एक्स-ग्रेशिया म्हणजे हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून. मी म्हटलं, "सर, मग शेरा खोडायला हवा."

"खोडला तर मारला का होता, ते वरच्या ऑफिसला कोण सांगणार? तुम्ही?"

"मी लिहिते," मी म्हटलं. त्यांनी फाइल मिटली.

व्हाउचरवर सही करायची वेळ आली. कौसल्याबाईंनी ते मला मराठीत सांगायला लावलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मी लबाडी केली, हे तिथं राहूनच राहिलं ना?"

मी मान डोलावली. त्या देवरावांकडे वळल्या. "नोका करू सही."

"बिलापायी तुह्याच बांगड्या गहाण आहेत वं. मी काय करू, सांग?"

त्या उठून बाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. देवरावांनी सही केली. चेक मिळाला. आमच्या रजिस्टरात क्लेम क्लोज झाला.

पुढच्या वर्षी त्यांनी पॉलिसी रिन्यू केली, तर त्यावर टाइप होऊन आलं, 'मधुमेह व त्यातून उद्भवणारे आजार वगळून.' देवराव पॉलिसी घेऊन माझ्याकडे आले. मी परत नोट लिहिली. ती तशीच परत आली, जुन्या शेऱ्याचा हवाला देऊन. देवरावांनी पॉलिसी टेबलावरच ठेवली आणि निघून गेले. पुन्हा कधी आमच्या ऑफिसात आले नाहीत.

घरी जायच्या आनंदात हॉस्पिटलचं बिल कोणी वाचत नाही. वाचावं. ते भरून बाहेर पडलात की त्यातली चूक तुमची होते.